हौदातली कोई, निळं औषध आणि सोलापूरचा एप्रिल: एक प्रकरण

विजापूर रोडला लागून असलेल्या एका वसाहतीत हे घर आहे. मागच्या अंगणात सिमेंटचा हौद आणि हौदात 19 कोई, म्हणजे कार्पजातीचे शोभेचे रंगीत मासे, बहुतेक फूट-सव्वा फुटाच्या. एप्रिलच्या मध्यावर मालकांचा, म्हणजे काकांचा, फोन आला तेव्हा तीन मासे मेले होते. काका म्हणाले, "सर, औषधं तीन प्रकारची झाली, तरी रोज एखादा मासा कोपऱ्यात पडूनच आहे. काय व्हालंय काहीच कळंना." घरी गेल्यावर काकूंनी औषधांच्या बाटल्या आणि पुड्या ओट्यावर ओळीने मांडून ठेवल्या होत्या. प्रत्येक बाटली कधी, किती टाकली हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यांच्या या नीटपणामुळेच पुढचा उलगडा झाला.

प्रकरणाची सुरुवात फेब्रुवारीच्या अखेरीस झाली. चार-पाच माशांच्या कल्ल्यांच्या झाकणांवर बारीक पांढरे ठिपके दिसले. दुकानातून "व्हाइट स्पॉट आहे" असं निदान आणि निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, मिळालं. हौद बांधणाऱ्या मिस्त्रीने 20,000 लीटरचा हौद म्हणून सांगितलं होतं. त्या हिशोबाने औषध पडलं. ठिपके गेले नाहीत, म्हणून आठवड्याने पुन्हा पडलं. मग मॅलेकाइट ग्रीन आणि फॉर्मॅलिनचं मिश्रण. मार्चच्या अखेरीस ठिपके आपोआप दिसेनासे झाले, पण तोवर मासे पहाटे वर येऊन तोंड उघडायला लागले होते आणि दुपारी हौदाच्या भिंतीला अंग घासत होते. दोघांच्या अंगावर लाल रेषा उमटल्या. एकाच्या पाठीजवळ खवले निघून जखम झाली. तेव्हा कुणीतरी टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाच्या कॅप्सूल फोडून टाकायला सांगितलं. त्याही पडल्या.

सुरुवातीच्या त्या ठिपक्यांचे फोटो काकांच्या मोबाइलमध्ये होते. फोटो मोठा करून पाहिला आणि माझ्या दृष्टीने अर्धं प्रकरण तिथेच स्पष्ट झालं. ठिपके फक्त नरांवर होते. फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या काट्यावर होते, आणि ते एका रांगेत, एकसारखे होते. पोटावर, शेपटीवर एकही नाही. हा रोग नव्हे. विणीचा हंगाम आला की कोईच्या नराला अशा पुटकुळ्या येतात. त्या भागावरून बोट फिरवलं तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. आपल्याकडे कोईसारखे कॉमन कार्प हिवाळा सरताना आणि पुन्हा पावसाळ्यात विणीला येतात, त्यामुळे जानेवारी ते मार्चमध्ये हे दिसणं अगदी स्वाभाविक आहे. खरा व्हाइट स्पॉट म्हणजे इक नावाच्या एकपेशीय परजीवीचा उपद्रव. त्याचे ठिपके मिठाच्या कणाएवढे, अंगभर आणि परांवर विखुरलेले असतात, नर-मादी असा भेद त्यात नसतो, आणि दोन-चार दिवसांत संख्या झपाट्याने वाढते. शिवाय 30 अंशांच्या वर पाणी गेलं की इकचा जोर ओसरतो.

निरोगी माशाला औषध दिलं म्हणून फारसं बिघडत नाही, असा समज सगळीकडे आहे. इथे त्याच समजाने घात केला. मिथिलीन ब्लू पाण्यातल्या परजीवींवर जसं काम करतं, तसंच फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंवरही करतं. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकत असतो. फिल्टरमधला एक जिवाणूगट त्या अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट करतो. हा कारखाना बंद पडला की मासे स्वतःच्याच उत्सर्जनात राहतात. त्यात भर म्हणजे "औषधानंतर फिल्टर स्वच्छ हवा" म्हणून घरच्यांनी फिल्टरचे स्पंज नळाच्या क्लोरीनच्या पाण्याखाली पिळून पिळून धुतले. उरलेसुरले जिवाणूही गेले.

आधी मी हौद मोजला. 12 फूट लांब, 8 फूट रुंद, आणि पाणी साडेतीन फूट. गुणाकार 336 घनफूट. एका घनफुटात 28.3 लीटर, म्हणजे पाणी सुमारे 9,500 लीटर. मिस्त्रीच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी. याचा अर्थ प्रत्येक औषध दुपटीने पडलं होतं. कोई पाळणाऱ्या प्रत्येकाने आपल्या हौदाचं पाणी टेपने मोजून भिंतीवर लिहून ठेवावं, असं मी अगदी आग्रहाने सांगतो. बांधणाऱ्याचा अंदाज, टाकीवाल्याचा अंदाज, "दोन टँकर बसतात" हा हिशोब, यातल्या कशावरही औषधाची मात्रा ठरवू नये.

मग पाणी तपासलं. दुपारी तीनला टोटल अमोनिया लीटरमागे 2 मिलिग्रॅम, पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे ते सांगणारा आकडा) 8.7, पाण्याचं तापमान 32 अंश. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पुन्हा तपासलं: अमोनिया तेवढाच, पीएच 8.2, तापमान 28. या दोन वेळांच्या आकड्यांमधला फरक नीट समजून घेण्यासारखा आहे.

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक रूप जवळजवळ निरुपद्रवी, दुसरं कल्ले जाळणारं. कोणत्या रूपाचा वाटा किती, हे पीएच आणि तापमान ठरवतं. पीएच 7 आणि 30 अंशांना विषारी वाटा शेकडा एकाच्याही आत असतो. या हौदात पहाटे तो शेकडा 10 च्या आसपास होता आणि दुपारी शेकडा 32 च्या आसपास. म्हणजे अमोनिया तोच, पण पहाटे त्यातला 0.2 मिलिग्रॅम विषारी आणि दुपारी 0.6 च्या वर. कोईला 0.05 च्या पुढे त्रास सुरू होतो. पुण्यातला किंवा कोल्हापुरातला एखादा मित्र फोनवर "माझ्याकडेही अमोनिया 2 होता, काही झालं नाही" असं सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो; त्याच्या पाण्याचा पीएच आणि तापमान वेगळं असतं. सोलापुरात एप्रिलचं ऊन 42-43 अंशांना टेकतं, बोअरचं पाणी क्षारांचं, आणि हौदातलं हिरवं शेवाळ दिवसभर कार्बन डायऑक्साइड खाऊन पीएच आणखी वर नेतं. तिन्ही गोष्टी माशाच्या विरोधात एकाच वेळी काम करतात.

आणि रात्री दुसरंच संकट. तेच शेवाळ अंधारात प्राणवायू खातं. मुळात 30 अंशांच्या पाण्यात लीटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू मावतच नाही. 20 अंशांना 9 मावतो. पहाटे पाच-साडेपाचला हौदातला प्राणवायू दिवसातला सगळ्यात कमी असतो. त्यामुळे हे मासे पहाटे गुदमरत होते आणि दुपारी भाजत होते. घरच्यांनी ही दोन लक्षणं दोन रोग समजली. प्रत्यक्षात कारण एकच होतं, मेलेला फिल्टर. बाकी सगळं त्याच्या मागून आलेलं.

तरीही पाण्यावर सगळं ढकलून मोकळं व्हायचं नसतं. एक मासा जाळीऐवजी ओल्या टबात घेऊन त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर काचपट्टीवर घेतला, आणि नुकत्याच मेलेल्या माशाच्या कल्ल्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. इक नव्हता. कॉस्टिया, ट्रायकोडिना हे दुसरे सूक्ष्म परजीवीही नव्हते. साध्या डोळ्यांना दिसणारा अँकर वर्म किंवा माशांची ऊ, म्हणजे आर्ग्युलस, तेही नव्हते. कोई हर्पीस या विषाणूची शंका आधी मनात येऊन गेली, कारण त्यात हौदच्या हौद रिकामे होतात. पण तो साधारण 16 ते 28 अंशांच्या पाण्यात भडकतो, नवीन मासा सहसा घेऊन येतो, आणि कल्ल्यांवर पांढरे-लाल मृत चट्टे पडतात. इथे वर्षभरात नवीन मासा आलेला नव्हता आणि कल्ले सुजून चिकट झालेले, पण कुजलेले नव्हते. सापडले ते कल्ल्यातले फ्लूक, म्हणजे बारीक चपटे परजीवी कृमी, डॅक्टिलोगायरस. निरोगी कोईवर ते दोन-चार असतात आणि मासा त्यांना आटोक्यात ठेवतो. अमोनियाने सोललेल्या कल्ल्यांवर त्यांना रान मोकळं मिळालं होतं. जखमा होत्या त्या एरोमोनास गटाच्या जिवाणूंच्या असाव्यात, असं एकूण चित्रावरून वाटलं. हे जिवाणू प्रत्येक हौदात असतात आणि त्वचा फाटायची वाट पाहतात.

उपचाराचा क्रम मी ठाम ठेवला: हवा, पाणी, मीठ, मग फ्लूकचं औषध, आणि शेवटी जखमा. हा क्रम उलटा केला तर औषध चांगलं असूनही मासा मरतो.

पहिल्याच संध्याकाळी एअर पंप दोन झाले, आणि त्यातला एक इन्व्हर्टरवर जोडला. खाणं पूर्ण बंद. काकूंना हे फार जड गेलं. "उपाशी कसं ठेवायचं हो, ते हाताशी येतात." पण कोई आठवडाभर सहज उपाशी राहते, आणि पोटात प्रथिन गेलं नाही की अमोनिया तेवढा कमी निघतो. नातवंडांचे चुरमुरेही थांबवले.

पाणी बदलायचं तर कुठलं? नळाला पाणी काही दिवसांआड येतं, ते साठवलेलं होतं, पण त्यात क्लोरीन. बोअरचं मुबलक. बोअरचं पाणी थेट तपासलं तर पीएच 7.6, आणि घरातले खूश झाले. मी एक बादली बाजूला ठेवून रात्रभर हवा सोडायला लावली. सकाळी तोच पीएच 8.3. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड दाबून बसलेला असतो. तो उडून गेला की पीएच वर चढतो. शिवाय अशा पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून बोअरचा पाइप हौदात बुडवून न ठेवता उंचावरून, शॉवरसारखा फवारा करून पाणी सोडलं. नळाचं साठवलेलं पाणी सोडियम थायोसल्फेट घालून, 1000 लीटरला 10 ग्रॅम या प्रमाणात, क्लोरीन मारून वापरलं. तळातला गाळ उपसत रोज पाव हौद बदलला. एकदम सगळं पाणी बदलायचा मोह होतो, पण आजारी माशाला तो धक्का सोसत नाही.

पीएच खाली आणायला कुणी व्हिनेगर सांगितलं, कुणी तुरटी. दोन्हीला मी नाही म्हटलं. क्षारांनी भरलेलं पाणी आम्ल गिळून टाकतं, पीएच तासाभर खाली येऊन पुन्हा वर जातो, आणि हा झोका स्थिर 8.5 पेक्षा वाईट. तुरटीने पाणी नितळ दिसतं, पण तिच्यातलं ॲल्युमिनियम कल्ल्यांना त्रासदायक. पाणी नितळ असणं आणि पाणी निरोगी असणं या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. अमोनियाला रंग नसतो. पीएचला हात न लावता अमोनियाच कमी करायचा आणि दुपारचा चढ तोडायचा, एवढंच ठरवलं. हौदावर हिरवी शेडनेट बांधली. ऊन अडल्यामुळे पाणी दुपारी 30 च्या आसपास राहू लागलं आणि शेवाळाचा जोरही मोडला.

काकांच्या पुतण्याने झिओलाइट नावाच्या खनिजाची पिशवी आणून फिल्टरमध्ये ठेवली होती. वस्तू चांगली, झिओलाइट अमोनिया धरून ठेवतो. पण पाण्यात मीठ पडलं की तो धरलेला अमोनिया परत सोडतो. मला मीठ हवंच होतं, म्हणून पिशवी आधी बाहेर काढली. दोन्ही उपाय नेटवर शेजारी शेजारी सापडतात आणि लोक दोन्ही एकदम करतात, त्यामुळे हे मुद्दाम लिहितो आहे.

मीठ म्हणजे आयोडीन नसलेलं साधं खडा मीठ. प्रमाण 0.3 टक्के, म्हणजे 1000 लीटरला 3 किलो, या हौदाला साडेअठ्ठावीस किलो. ते तीन हप्त्यांत, दीड दिवसात, बादलीत विरघळवून सोडलं. सोललेल्या कल्ल्यांतून माशाच्या अंगातले क्षार बाहेर झिरपतात आणि पाणी आत शिरतं; मिठाने ती ओढाताण कमी होते. दुसरा फायदा पुढे दिसला. फिल्टर पुन्हा जागा व्हायला लागला की आधी नायट्राइट वाढतो, आणि तो रक्ताचा प्राणवायू वाहण्याचा गुणच काढून घेतो, रक्त तपकिरी होतं. पाण्यात मिठातलं क्लोराइड असेल तर नायट्राइट कल्ल्यांतून आत फारसा शिरू शकत नाही. मे महिन्यात नायट्राइट 1 मिलिग्रॅमपर्यंत गेला आणि एकही मासा पहाटे वर आला नाही, त्याचं श्रेय या मिठाला. मात्र मीठ उडून जात नाही. उन्हाळ्यात इथे हौदाचं पाणी भराभर आटतं. आटलेलं पाणी भरताना पुन्हा मीठ घातलं तर प्रमाण चढत जातं. जेवढं पाणी उपसून फेकलं, तेवढ्यापुरतंच मीठ भरायचं.

फ्लूकसाठी पोटॅशियम परमँगनेट स्वस्त आणि हाताशी असतं, आणि मी ते इतरत्र वापरतो. इथे टाळलं. पीएच चढा असताना त्याचा मँगनीजचा तपकिरी साका कल्ल्यांवर बसू शकतो, आणि हे कल्ले आधीच घायाळ होते. फॉर्मॅलिन प्राणवायू कमी करतं, म्हणून तेही नको. पशुवैद्यकांकडून प्राझिक्वांटेल हे कृमिनाशक मिळवलं आणि लीटरमागे अडीच मिलिग्रॅम, म्हणजे 24 ग्रॅम, थोड्या स्पिरिटमध्ये घोळून हौदभर सोडलं. अमोनिया अर्ध्याच्या खाली आल्याशिवाय त्याला हात लावला नव्हता. डॅक्टिलोगायरस अंडी घालतो आणि अंड्यांवर औषध चालत नाही, म्हणून आठवड्याने दुसरी मात्रा. तिच्यानंतर काचपट्टीवर एकही फ्लूक दिसला नाही.

टेट्रासायक्लिनबद्दल काकांना वाईट वाटत होतं, "महागडी औषधं होती." ती या हौदात निरुपयोगीच ठरणार होती. टेट्रासायक्लिन गटाची औषधं जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला चिकटून बसतात, माशाच्या अंगात जाणारा वाटा नगण्य राहतो. हौदात प्रतिजैविक ओतल्याने फिल्टरला धोका आणि जिवाणूंना त्या औषधाची सवय, एवढंच पदरात पडतं. जखमी माशांना पशुवैद्यकांनी लवंगतेलाच्या पाण्यात गुंगी देऊन, जखमेतला मेलेला भाग काढून पोव्हिडोन आयोडीन लावलं. ज्याची जखम मांसापर्यंत गेली होती त्याला इंजेक्शन दिलं. तो मासा वाचला नाही. दुसऱ्याची जखम तीन आठवड्यांत भरली, नवे खवले मात्र वेडेवाकडे आले आहेत.

फिल्टर उभा करायला वेळ लागतोच. माझ्या ओळखीच्या एका जुन्या, निरोगी हौदातलं थोडं फिल्टर-साहित्य आणलं, पण त्या हौदातले मासे आधी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, नाहीतर जिवाणूंबरोबर रोगही घरात येतो. ओल्या साहित्यातले जिवाणू पाण्याचा प्रवाह थांबला की काही तासांत गुदमरतात, त्यामुळे लाइट गेल्यावर मोटारसुद्धा इन्व्हर्टरवर चालेल अशी सोय काकांनी करून घेतली. स्पंज आता हौदातूनच काढलेल्या पाण्यात, अर्धाच एका वेळी, हलका पिळला जातो. जूनच्या पहिल्या आठवड्यात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले. खाणं त्याआधी चिमूटभराने सुरू केलं होतं, तेही सकाळी ऊन चढायच्या आत.

आता उरले 15 मासे. प्रौढ कोईला निदान 1000 लीटर पाणी हवं, या हिशोबाने इथे नऊ-दहा पुरेत. पाच मासे देण्याविषयी मी बोललो आणि काका गप्प राहिले. त्यांनी ते बोटाएवढे असताना आणले होते. त्यांचा विचार हौद वाढवण्याचा आहे, पाच फूट खोल आणि लांबीही थोडी जास्त. खोल पाणी उन्हाळ्यात कमी तापतं, त्यामुळे मला तो पटतो. पण नवं सिमेंट चुना सोडतं आणि पीएच 10 च्याही वर नेऊ शकतं. म्हणून काम दिवाळीनंतर, मासे तोवर अंगणातल्या ताडपत्रीच्या टाकीत, आणि फिल्टर तिथेच चालू. नवा हौद आधी नीट मुरवायचा, मग भरून-उपसून, भरून-उपसून, पीएच बोअरच्या हवा दिलेल्या पाण्याइतका होऊन तिथेच आठवडाभर टिकेपर्यंत मासे आत सोडायचे नाहीत. वॉटरप्रूफिंगचा लेप मासे राहणार म्हणून दुकानदाराकडून नीट विचारून घ्यायचा, हे काकूंनी त्यांच्या वहीत मीच सांगायच्या आधी लिहून ठेवलं आहे.